सत्यशोधकांचा पत्ता आणि नानांचा नकार

पुण्याच्या गंज पेठेत महात्मा फुल्यांचा वाडा आहे आणि तिथून हाकेच्या अंतरावर मोमीनपुरा. वाड्यावर वर्षातून दोनदा गर्दी होते, एप्रिलमध्ये जयंतीला आणि नोव्हेंबरमध्ये स्मृतिदिनाला. या दोन तारखांना मी शक्यतो तिकडे जातो. निळे, पिवळे, तिरंगी झेंडे दिसतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. पण पलीकडच्या गल्लीतून टोपी घातलेला एखादा म्हातारा सहज म्हणून आत आलाय, असं फार कमी वेळा पाहिलं. हे अंतर मला कायम छळत आलं आहे.

खरं तर या वाड्याचं आणि मुसलमानांचं नातं जुनं. जोतीराव शाळेतून काढले गेले तेव्हा त्यांना परत शाळेत घालावं म्हणून गोविंदरावांचं मन वळवणाऱ्या दोन माणसांपैकी एक होते अरबी-फारसीचे जाणकार गफ्फार बेग मुन्शी, दुसरे लिजिट साहेब. पुढे जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं तेव्हा उस्मान शेख यांच्या घरी आसरा मिळाला. फातिमांचं नाव तर सावित्रीबाईंनी 1856 साली माहेराहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात येतं. स्वतः फुल्यांनी पैगंबरांवर ‘मानव महंमद’ हा पोवाडेवजा अखंड लिहिला. आपल्याकडे मिलादच्या जलशात तो कुणी वाचत नाही, हा भाग वेगळा.

म्हणूनच 22 मार्च 1970 रोजी याच पुण्यात हमीद दलवाईंनी संघटना काढली तेव्हा तिला ‘मुस्लिम सत्यशोधक मंडळ’ हे नाव दिलं, त्यात नवल नव्हतं. 24 सप्टेंबर 1873 ला इथेच सत्यशोधक समाज जन्मला होता. दलवाई मूळचे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. सेवादलात वाढलेले, समाजवादी पठडीतले, अत्र्यांच्या ‘मराठा’त बातमीदारी केलेले. ‘इंधन’सारखी कादंबरी लिहिणारा हा कोकणी मुसलमान कथाकार म्हणूनच राहिला असता तरी मराठीने त्याला जपलं असतं. पण 18 एप्रिल 1966 रोजी त्यांनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. एका दमात दिला जाणारा तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. फक्त सात बायका! त्यात त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा होत्या, बहीण होती. आज हजारोंचे मोर्चे दुसऱ्या दिवशी विसरले जातात, हा सातजणींचा मोर्चा साठ वर्षं झाली तरी दोन्ही बाजूंना सलतो.

मंडळाचा इतिहास मी पुस्तकातून फार उशिरा वाचला. त्याआधी तो आमच्या घरात घडून गेला होता, आणि तोही न घडण्याच्या स्वरूपात.

1987 सालची गोष्ट. आम्ही भवानी पेठेत नानांच्या घरी राहायचो. नाना भुसार बाजारात हमाली करत. माझी धाकटी खाला लग्न होऊन चार वर्षं झालेली, कडेवर एक मुलगी. एक दिवस पोस्टमनने कार्ड टाकलं. त्यावर तीन वेळा एकच शब्द लिहिलेला. गंमत पाहा, शब्द अरबी, पण लिहिलेला देवनागरीत, खाली मराठीतच ‘कळावे’. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. ते कार्ड मीच वाचून दाखवलं, कारण त्या वेळी घरात धड वाचता येणारा मीच होतो. काय वाचलं ते मला कळलं नव्हतं. खालाच्या तोंडाकडे पाहून कळलं.

नाना वस्तीतल्या बुजुर्गांकडे गेले. तिथे त्यांना चहा मिळाला आणि ‘सबर’ हा शब्द. मेहेर म्हणून निकाहात लिहिलेले काही शे रुपये आणि इद्दतच्या तीन महिन्यांचा खर्च, तोही अर्धा, एवढ्यावर मामला मिटला. बाजारात नानांच्या जोडीला काम करणाऱ्या एका मराठा हमालाने कुठून तरी मंडळाचा पत्ता लिहून आणला होता. त्या लोकांकडे वकील आहेत, ते मदत करतात, असं तो म्हणाला. नानांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि घरी येऊन खालाला म्हणाले, “उनों नमाज भी नई पढते. उनके पास जाके क्या करती?” खाला गेली नाही. तिने शिलाई मशीन घेतलं, फॉल-पिको करत मुलीला वाढवलं.

नानांना मी बरीच वर्षं मनातल्या मनात दोष दिला. आता तेवढा देत नाही. त्यांच्या नकारामागे काय होतं, ते त्या काळातल्या घडामोडी समोर ठेवल्याशिवाय कळत नाही.

दोन वर्षं आधी, 23 एप्रिल 1985 ला सुप्रीम कोर्टाने शाहबानो खटल्याचा निकाल दिला होता. इंदूरची साठी ओलांडलेली बाई. हायकोर्टाने तिला दरमहा 179 रुपये 20 पैसे पोटगी ठरवली होती, वकील असलेला नवरा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला आणि हरला. रक्कम पाहा आणि त्यावरून देशात उठलेलं वादळ पाहा. निकालपत्रात पोटगीबरोबर समान नागरी कायद्याचाही उल्लेख आला आणि मूळ बाई बाजूला पडली. ‘शरीअत खतरे में’ ही हाक गल्लोगल्ली पोहोचली. त्याच सालच्या नोव्हेंबरात मंडळाने कोल्हापूरहून नागपूरपर्यंत तलाक मुक्ती मोर्चा काढला. वाटेत ठिकठिकाणी कडवा विरोध झाला. ज्या बायकांसाठी तो चालला होता त्यांचेच भाऊ-बाप काळे झेंडे घेऊन उभे होते. पुढच्या वर्षी राजीव गांधी सरकारने मुस्लिम महिला कायदा केला. त्याचा त्या वेळी सगळ्यांनी लावलेला अर्थ एवढाच की नवऱ्याची जबाबदारी इद्दतपुरती. माझ्या खालाच्या वाट्याला जे अर्धे पैसे आले, ते या कायद्याच्या सावलीत. अयोध्येतलं कुलूप निघालं तेही 1986 च्या फेब्रुवारीत. भवानी पेठेतल्या निरक्षर हमालाला कायद्याचं कलम माहीत नव्हतं, पण चारी बाजूंनी काहीतरी आवळलं जातंय, हे त्याला नक्की कळत होतं. अशा वेळी माणूस घरातलं भांडण उंबऱ्याबाहेर नेत नाही.

दुसरं कारण मंडळाच्या बाजूचं आहे आणि ते बोललं पाहिजे. दलवाई 3 मे 1977 ला मूत्रपिंडाच्या आजाराने गेले, अवघ्या 44 व्या वर्षी. कोणताही धार्मिक विधी न करता विद्युतदाहिनीत दहन करावं, अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. माणूस म्हणून त्यांचा तो हक्क होता, त्या धाडसाला माझा सलाम आहे. पण ज्या समाजात जनाज्याला खांदा देणं हे शत्रूशीही राखलेलं शेवटचं नातं मानतात, तिथे या एका निर्णयाने मोहल्ल्याचा दरवाजा आतून लागला. त्यांचं लिखाण छापणारे, सभा भरवणारे, टाळ्या वाजवणारे बहुतेक सदाशिव-नारायण पेठेतले. त्यातले अनेक सच्चे समाजवादी होते, साधना परिवाराने तर या कामाला निष्ठेने साथ दिली. पण टाळ्या वाजवणाऱ्यांत असेही होते ज्यांना मुसलमान बाईच्या दुःखात नव्हे, मुसलमानाच्या दोषात रस होता. मंडळाने या दोघांत फरक करायला उशीर लावला, असं माझं मत आहे. शिवाय भाषा. कुराणाच्या आधारे बाईचा हक्क मांडता येतो, हे असगरअली इंजिनियर मुंबईत आयुष्यभर दाखवत राहिले. दलवाईंना तो मार्ग पळवाट वाटे. मला तो मोहल्ल्यात शिरायचा रस्ता वाटतो.

आणि भाकरीचा प्रश्न? जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली तेव्हा मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी अशा बिरादऱ्यांतली माणसं जातीचे दाखले काढायला रांगेत उभी राहिली, कारण त्यात पोराच्या फीचा हिशोब होता. सुधारणा आणि भाकरी एका हातात धरली असती तर नानांनी ती चिठ्ठी कदाचित उलगडली असती.

पण एवढं सगळं म्हणून झाल्यावर सय्यदभाईंचं काय करायचं, हा पेच उरतो. सय्यद महबूब शाह कादरी हे त्यांचं पूर्ण नाव, महाराष्ट्र त्यांना सय्यदभाई म्हणूनच ओळखतो. ते विद्यापीठातून आले नव्हते. त्यांची बहीण खतिजा हिला नवऱ्याने तलाक दिला. तिचा गुन्हा काय, हा भावाचा प्रश्न. त्याचं उत्तर शोधत हा माणूस दलवाईंपर्यंत पोहोचला आणि पुढची पन्नासेक वर्षं पुण्यात राहून परक्यांच्या बहिणींसाठी कोर्ट, पोलीस चौकी, सासरची घरं हिंडत राहिला. ‘दगडावरची पेरणी’ हे त्यांच्या आत्मकथनाचं नाव. मेहरुन्निसाभाभींनी नवऱ्यामागे चाळीस वर्षं हे व्रत सांभाळलं, ‘मी भरून पावले आहे’ लिहिलं आणि 2017 च्या जूनमध्ये त्या गेल्या. आणखी थोडं थांबल्या असत्या तर 22 ऑगस्टचा शायराबानो निकाल त्यांनी ऐकला असता. एका दमातला तलाक रद्द! 1966 ला सातजणींनी मागितलेलं यायला एक्कावन्न वर्षं लागली.

नंतर 2019 चा कायदा आला, तो नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगात घालतो. तुरुंगातला नवरा पोटगी कुठून देणार, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. त्यापेक्षा मला 2001 चा डॅनियल लतीफी निकाल मोलाचा वाटतो. 1986 च्या कायद्यातल्या ‘वाजवी तरतूद’ या शब्दांचा अर्थ कोर्टाने असा लावला की इद्दतच्या मुदतीत नवऱ्याने बायकोच्या पुढच्या आयुष्याचीही सोय केली पाहिजे. 10 जुलै 2024 ला तर कोर्टाने स्पष्टच सांगितलं, तलाकशुदा मुस्लिम बाईला फौजदारी संहितेच्या 125 व्या कलमाचाही दरवाजा उघडा आहे. थोडक्यात, शाहबानो जिथे उभी होती तिथे आपण एकोणचाळीस वर्षांनी परत आलो.

सय्यदभाईंना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. 8 एप्रिल 2022 ला ते गेले. रमजानचा पहिला जुमा होता. त्या दिवशी मी इफ्तारीला खालाकडे होतो, आता ती कोंढव्यात लेकीजवळ राहते. मोबाईलवर बातमी आली, मी तिला फोटो दाखवला आणि कोण होते ते सांगितलं. तिने चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. “इन्ना लिल्लाहि...” म्हणाली. मग विचारलं, “येच थे क्या वो चिठ्ठीवाले?”

मी हो म्हणालो.

“अब्बा ने वो चिठ्ठी फेंकी नई थी,” ती म्हणाली. “उनके जाने के बाद मिली. राशनकार्ड में थी, दस-बारा साल.” आणि ती मगरिबसाठी उठली.