निर्विषीकरण, कवकांचे

वनस्पतींची कवकनाशक रसायने विकरांच्या साहाय्याने मोडून ती निष्प्रभ करण्याची रोगकारक कवकांची (बुरशींची) क्षमता. टोमॅटोतील टोमॅटीनसारखी काही रसायने निरोगी झाडात आधीपासूनच असतात. वाटाण्यातील पिसॅटीनसारखी काही संसर्ग झाल्यावर तयार होतात.

या क्षमतेचा सर्वांत भक्कम पुरावा ओटच्या मुळांनी दिला. त्यांच्या बाह्यत्वचेत अ‍ॅव्हेनासिन ए-१ हे सॅपोनीन असते. अतिनील प्रकाशात कोवळ्या मुळाचे टोक निळे चमकते ते त्यामुळेच. हे सॅपोनीन कवकाच्या पेशीपटलातील स्टेरॉलला जखडते आणि पटलाला छिद्रे पडतात. गव्हाची मुळे कुजवणाऱ्या गॅउमॅनोमायसिस ग्रॅमिनिस या कवकाचे ओटपुढे काही चालत नाही ते याच कारणाने. त्याच्या ‘अव्हेनी’ या प्रकाराकडे मात्र अ‍ॅव्हेनासिनेज हे विकर असते. अ‍ॅव्हेनासिनच्या रेणूला तीन शर्करांची फांदीदार साखळी जोडलेली असते. हे विकर तिच्यातील ग्लुकोज तोडून काढते आणि रेणूची विषारी धार बोथट होते. नॉरिच (इंग्लंड) येथे अ‍ॅन ऑस्बोर्न व सहकाऱ्यांनी या विकराचे जनुक निकामी केले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात असे कवक ओटला रोग लावू शकले नाही, गव्हाला मात्र पूर्वीसारखेच लागले. १९९९ मध्ये दुसऱ्या बाजूनेही पडताळा आला: अ‍ॅव्हेनासिन न बनवणारी, म्हणून मुळे न चमकणारी ओटची रोपे गव्हाच्या कवकालाही बळी पडली. झाड आणि कवक अशा दोन्ही बाजूंनी इतकी स्वच्छ सिद्धता फार थोड्या रोगांत झाली आहे.

वाटाण्यावरील फ्युजेरियम पिसॅटीनचा एक मिथिल गट काढून ते निष्प्रभ करते. टोमॅटोच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या सेप्टोरियाच्या बाबतीत तर टोमॅटीन मोडून उरलेले पदार्थच झाडाचे पुढचे प्रतिकार दडपतात.

विकर सापडले एवढ्यावरून रोगाचे कारण ठरत नाही, हे ज्वारीने दाखवले. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना किराळ (विषबाधा) लागते ती धुरिन या रसायनामुळे. पेशी फुटल्या की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. ज्वारीच्या पानांवर वलयांकित डाग पाडणारे ग्लिओसर्कोस्पोरा सॉर्घी हे कवक सायनाइडचे फॉर्मामाइडमध्ये रूपांतर करते. त्यासाठी लागणाऱ्या विकराचे जनुक निकामी केल्यावर कवक सायनाइडला फार हळवे झाले, तरीही ज्वारीला रोग लावण्याची त्याची ताकद कमी झाली नाही.