इलेक्ट्रॉन-उद्दीपित फॉस्फर दिवा : एक ऐतिहासिक आढावा

कॅथोड किरण आदळले असता काही खनिजे प्रकाशमान होतात, हे विल्यम क्रुक्स यांनी १८७९ मध्ये प्रयोगांद्वारे दाखविले. फर्डिनांड ब्राऊन यांनी १८९७ मध्ये बनविलेली कॅथोड किरण नलिका याच तत्त्वावर आधारलेली होती. पुढे तिच्यातूनच दूरचित्रवाणीचा पडदा घडला. घरगुती दिव्यासाठी मात्र हे तत्त्व दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. १९३८ मध्ये बाजारात आलेल्या ट्यूबलाइटमध्येही फॉस्फरचा लेप असतो. परंतु तो उजळतो पाऱ्याच्या बाष्पातून निघणाऱ्या अतिनील किरणांमुळे.

अमेरिकेचा २००७ चा ऊर्जा कायदा आणि युरोपीय संघाचे २००९ पासूनचे निर्बंध यांमुळे तापदीप्त तंतूचे दिवे मागे पडू लागले. पर्यायी सीएफएलमध्ये पारा होता. या संधिकाळात व्ह्यू-वन या अमेरिकी कंपनीने चेक प्रजासत्ताकात संशोधन करून इलेक्ट्रॉन-उद्दीपित दिवा विकसित केला. निर्वात काचेच्या फुग्यात उच्च दाबाच्या विजेने वेग दिलेले इलेक्ट्रॉन आतील फॉस्फरच्या लेपावर आदळत. त्यात पारा नव्हता व प्रकाश डिमरने मंद करता येई.

तथापि शुजी नाकामुरा यांच्या १९९३ मधील तेजस्वी निळ्या एलईडीपासून सुरू झालेली वाटचाल तोवर निर्णायक टप्प्यावर आली होती. एलईडीतही पारा नव्हता. शिवाय त्याची कार्यक्षमता वाढत व किंमत घटत गेली. परिणामी इलेक्ट्रॉन-उद्दीपित दिवा सर्वसाधारण वापरात रुजला नाही.

सारांश, सीएफएलची उणीव भरून काढणे हेच या दिव्याचे प्रमुख बलस्थान होते. तीच उणीव एलईडीने अधिक काटकसरीने भरून काढताच त्याचे प्रयोजन उरले नाही.