विषाणू कुणाचा?

बर्ड फ्लू म्हटलं की आपल्याला आठवतं नवापूर. फेब्रुवारी २००६, खड्डे खणून पुरलेल्या कोंबड्या. ते काम कठीण, पण निदान डोळ्यांना दिसणारं. आज मी बोलणार आहे त्याच सुमारास इंडोनेशियात उभ्या राहिलेल्या पेचाबद्दल.

१९५२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचं फ्लूवर नजर ठेवणारं एक जाळं आहे. देशांनी विषाणूचे नमुने पाठवायचे, मोजक्या प्रयोगशाळांनी ते तपासायचे, आणि त्यातून लशीसाठी योग्य वाण निवडून कंपन्यांना द्यायचा. पन्नासेक वर्षं हे सगळं विश्वासावर चाललं. नमुना देणाऱ्याला बदल्यात काय, हे कुणी विचारलंच नाही.

इंडोनेशियात २००५ मध्ये एच५एन१ माणसांत आढळला. परसात कोंबड्या, दाट वस्ती. पुढच्या काही वर्षांत नोंदलेल्या २०० रुग्णांपैकी १६८ दगावले. नमुने इमानेइतबारे जात होते. मग कळलं की आपल्याच विषाणूपासून एक ऑस्ट्रेलियन कंपनी लस बनवते आहे. ती आपल्याला मिळणार, तर विकत! आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी नमुने पाठवणं थांबवलं.

जगभर गहजब झाला, आणि तो अगदीच खोटा नव्हता. नमुने नाहीत, तर विषाणू माणसांत सहज पसरण्याइतका बदलतोय का हे कळणार कसं? सुपारीबाईंनी जैविक अस्त्रांचाही संशय घेतला. तो मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. पण मूळ प्रश्न रास्त होता. धोका सगळ्यांचा म्हणून नमुना द्यायचं कर्तव्य सांगता, मग लस सगळ्यांची का नाही? नीतिशास्त्र शिकवताना मला याहून चांगलं उदाहरण सापडलं नाही.

२००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली. श्रीमंत देशांनी लशीचे करार आधीच करून ठेवले होते, बाकीचे रांगेत. बाईंचं म्हणणं मग जरा जास्त ऐकू येऊ लागलं. २०११ मध्ये करार झाला: या जाळ्याचा लाभ घेणाऱ्या कंपन्यांनी दरवर्षी वर्गणी द्यायची, आणि साथीच्या वेळी लशीचा किंवा औषधांचा काही वाटा संघटनेसाठी राखायचा.

त्या करारात जैविक नमुन्यांच्या व्याख्येत विषाणूची जनुकीय माहिती मात्र धरलेली नाही. आणि आता ती माहिती संगणकावरून मिळाली, की प्रयोगशाळेत विषाणू नव्यानं घडवता येतो. जकार्ताहून बर्फात घालून कुपी पाठवायची गरजही उरत नाही.