रथ आणि रथी : मोटारशर्यतींच्या इतिहासातील तुलनेचा प्रश्न

वाङ्मयेतिहासाच्या तासाला एक प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच : 'सर, ज्ञानेश्वर मोठे की तुकाराम?' आपण हसतो, 'असे विचारायचे नसते' म्हणतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण प्रश्न वर्गात तसाच रेंगाळत राहतो. कारण काळाच्या दोन टोकांवरच्या माणसांची तुलना करणे ही वाचकाची स्वाभाविक ओढ आहे, आणि 'तुलना अशक्य आहे' हे उत्तर पुष्कळदा आपल्या आळसाचेच नाव असते. साहित्यात मोजमाप नाही म्हणून ही अडचण येते, असे आपण मानतो. मग जिथे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजमाप होते, त्या क्षेत्रात तरी हा प्रश्न सुटला आहे काय? फॉर्म्युला वन या मोटारशर्यतीच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

या शर्यतींची विश्वविजेतेपद स्पर्धा १३ मे १९५० रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे सुरू झाली. पहिला विश्वविजेता इटलीचा ज्युसेप्पे फारिना. पुढच्याच वर्षी अर्जेंटिनाच्या हुआन मॅन्युएल फँजिओने ते पद मिळवले आणि १९५४ ते १९५७ अशी सलग चार वर्षे ते पुन्हा आपल्याकडे ठेवले. त्याची पाच विजेतेपदे चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांतून आली : अल्फा रोमिओ, मासेराती, मर्सिडीज आणि फेरारी. जर्मनीच्या मायकेल शूमाकरने १९९४ ते २००४ या काळात सात विजेतेपदे मिळवली. इंग्लंडच्या लुईस हॅमिल्टनने २००८ ते २०२० या काळात तितकीच. नेदरलँड्सच्या मॅक्स व्हर्स्टापनने २०२१ पासून सलग चार. यांत श्रेष्ठ कोण?

आकड्यांना विचारून पाहू. फँजिओने साऱ्या कारकिर्दीत मिळवलेले गुण सुमारे २७७. व्हर्स्टापनने २०२३ या एका हंगामात मिळवले ५७५. परंतु फँजिओच्या काळी विजयाला आठ गुण मिळत, २०१० पासून पंचवीस मिळतात. १९५० साली हंगामात सात शर्यती होत्या, २०२४ मध्ये चोवीस. विजयांची संख्या घेतली, तर फँजिओचे २४ शूमाकरच्या ९१ पुढे किरकोळ वाटतात. मात्र ते अवघ्या ५१ शर्यतींतले आहेत, म्हणजे जवळजवळ दर दुसऱ्या शर्यतीला एक. इतके प्रमाण ना शूमाकरला साधले, ना हॅमिल्टनला. एकच माणूस एका मापाने ठेंगू आणि दुसऱ्या मापाने उत्तुंग ठरतो. आकडे खोटे बोलत नाहीत हे खरे; पण ते विचारलेल्या प्रश्नापुरतेच बोलतात.

एवढेच नव्हे, तर विजेता कोण हे कित्येकदा शर्यतीच्या रस्त्याआधी नियमांच्या कागदावर ठरते. याचे सर्वांत बोलके उदाहरण १९८८ सालचे. मॅक्लारेन संघाच्या होंडा इंजिनाच्या गाडीने त्या वर्षी सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. ती चालवणारे दोघे : ब्राझीलचा आयर्टन सेन्ना आणि फ्रान्सचा अलँ प्रोस्त. सेन्नाने आठ शर्यती जिंकल्या, प्रोस्तने सात. एकूण गुण प्रोस्तचे १०५, सेन्नाचे ९४. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे सर्वोत्तम अकरा निकालच मोजायचे होते. तसे मोजल्यावर सेन्नाचे ९० आणि प्रोस्तचे ८७ झाले, आणि सेन्ना विश्वविजेता ठरला. हा नियम १९९१ पासून रद्द झाला. तो तीन वर्षे आधी गेला असता, तर त्याच गाड्या, त्याच शर्यती आणि तीच माणसे असूनही इतिहासात दुसरे नाव लिहिले गेले असते. नियमाचा ओढा धाडसाकडे होता, सातत्याकडे नव्हता. प्रत्येक काळ आपल्या मूल्यकल्पना नियमांत लिहून ठेवतो आणि मग त्या नियमांतून निघालेल्या विजेत्याला 'श्रेष्ठ' म्हणतो. वाङ्मयीन अभिरुचीच्या इतिहासाशी परिचित असणाऱ्यांना हे नवे वाटू नये.

आता दुसरी अडचण. महाभारतात युद्ध संपल्यावर कृष्ण अर्जुनाला आधी रथातून उतरायला सांगतो आणि मग स्वतः उतरतो. उतरताक्षणी रथ जळून भस्म होतो. द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनी तो केव्हाच दग्ध झाला होता, केवळ कृष्णाच्या अधिष्ठानाने टिकून होता. पराक्रम रथीचा किती, रथाचा किती आणि आणखी कोणाचा किती, हा प्रश्न इतका जुना आहे. मोटारशर्यतीत तर रथ दर काही वर्षांनी मुळापासून बदलतो.

फँजिओची मासेराती २५० एफ पाहावी. पोलादी नळ्यांचा सांगाडा, पुढे अडीच लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, मागे चालक. तो ताठ बसलेला, हातात मोठे स्टिअरिंग, कमरेला पट्टा नाही. ४ ऑगस्ट १९५७ रोजी जर्मनीत न्युर्बुर्गरिंगच्या सुमारे २३ किलोमीटरच्या डोंगरी मार्गावर शेहेचाळीस वर्षांचा फँजिओ याच गाडीत होता. बावीस फेऱ्यांची शर्यत. अर्धी टाकी इंधन घेऊन हलक्या गाडीने आघाडी घ्यायची आणि मध्ये एकदा थांबून इंधन व टायर घ्यायचे, असा त्याचा बेत होता. त्या थांब्यात गोंधळ झाला, आणि तो बाहेर पडला तेव्हा फेरारीचे माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स त्याच्यापेक्षा पाऊण मिनिटाहून अधिक पुढे होते. त्यानंतर त्याने एकामागून एक फेऱ्यांत मार्गाचा विक्रम मोडला, अखेर ९ मिनिटे १७.४ सेकंदांपर्यंत आणला, दोघांनाही गाठले आणि साडेतीन सेकंदांच्या फरकाने जिंकला. असे पुन्हा कधी चालवू शकणार नाही, असे तो नंतर सांगत असे. खरोखरच तो त्याचा शेवटचा विजय ठरला.

या विजयात गाडीचा वाटा होता, पण तो दिसण्याजोगा होता. मागची चाके घसरत असताना त्या घसरण्यालाच वळणात उतरवणे हे हातांचे आणि पायांचे काम होते. पाच वर्षांतच हे शिल्प बदलले. कॉलिन चॅपमनने १९६२ साली आणलेल्या लोटस २५ मध्ये नळ्यांचा सांगाडा गेला आणि रिव्हेट मारलेल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यांची सलग काया आली. इंजिन केवळ दीड लिटरचे आणि चालकाच्या पाठीमागे. चालक जवळजवळ आडवा पहुडलेला. स्कॉटलंडच्या शेतकरी घरातला जिम क्लार्क या गाडीत बसला आणि १९६३ साली दहापैकी सात शर्यती जिंकला. पुन्हा १९६५ मध्येही तोच विश्वविजेता झाला. फँजिओची शैली डोळ्यांना दिसे, क्लार्कची दिसत नसे. कष्ट लपवणारी ती शैली होती. पण लोटसच्या गाड्या जितक्या वेगवान तितक्याच नाजूक. १९६२ आणि १९६४ ही दोन्ही विजेतेपदे हंगामाच्या अखेरच्या शर्यतीत, क्लार्क आघाडीवर असताना, इंजिनातील तेलगळतीने गेली. जो रथ त्याला देत होता तोच त्याच्याकडून घेत होता. त्याच्या दोन विजेतेपदांकडे पाहताना हे न आलेले दोन आकडेही वाचता आले पाहिजेत.

पुढे गाडीचा वाटा वाढत गेला, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लोटसने गाडीचा तळच उलट्या पंखासारखा घडवला. वाहत्या हवेने गाडी रस्त्याला चिकटून राहू लागली. १९९२ च्या विल्यम्समध्ये संगणक गाडीची उंची सांभाळत होता. २०१४ पासून १.६ लिटरचे टर्बो इंजिन आणि विजेची ऊर्जा यांचा संकर आला, आणि मर्सिडीजने त्यावर इतरांआधी प्रभुत्व मिळवले. २०२३ मध्ये रेड बुलने बावीसपैकी एकवीस शर्यती जिंकल्या. 'यात माणूस कुठे आहे?' असे जुन्या रसिकांना वाटते. परंतु त्या एकवीसपैकी एकोणीस व्हर्स्टापनच्या होत्या आणि त्याच गाडीतल्या त्याच्या सहकाऱ्याच्या फक्त दोन. माणूस नाहीसा झालेला नाही, त्याची जागा बदलली आहे. घसरत्या गाडीला हातांनी आवरण्याऐवजी टायरचे तापमान, उरलेली वीज, ब्रेकचा समतोल आणि कानात येणारा अभियंत्याचा आवाज हे सारे ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगात मनात धरून ठेवणे, हे आजचे कौशल्य आहे.

यावरून एक पद्धत सुचते : एकाच गाडीतल्या दोघांची तुलना करावी. ती बऱ्याच अंशी योग्य आहे, पण तिलाही मर्यादा आहे. कारण दोन सहकाऱ्यांमधले नातेही काळाबरोबर बदलते. १९५६ साली इटलीतील मोंझा येथे हंगामाची शेवटची शर्यत होती. फेरारीच्या चोवीस वर्षांच्या कॉलिन्सला स्वतः विश्वविजेता होण्याची संधी होती. फँजिओची गाडी नादुरुस्त झालेली पाहून कॉलिन्स थांब्यावर आपल्या गाडीतून उतरला आणि ती त्याने फँजिओला दिली. तेव्हाच्या नियमांत हे बसत होते. फँजिओ विश्वविजेता झाला. आपण तरुण आहोत, आपली वेळ येईल, असा कॉलिन्सचा विचार होता. ३ ऑगस्ट १९५८ रोजी न्युर्बुर्गरिंगवरील अपघातात तो गेला. त्याच वर्षी पोर्तुगालच्या शर्यतीनंतर हॉथॉर्नवर अपात्रतेची वेळ आली असता त्याचा प्रतिस्पर्धी स्टर्लिंग मॉस त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहिला. हंगाम संपला तेव्हा हॉथॉर्न ४२, मॉस ४१. मॉस कधीच विश्वविजेता झाला नाही.

आता २००२ सालची ऑस्ट्रियातील शर्यत आठवावी. फेरारीचाच रुबेन्स बारिकेलो जिंकत होता. संघाच्या आदेशावरून त्याने अंतिम रेषेपाशी वेग कमी केला आणि शूमाकरला पुढे जाऊ दिले. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. संकोचलेल्या शूमाकरने बारिकेलोला विजेत्याच्या पायरीवर उभे केले. गुणतक्त्यावर दोन्ही घटना सारख्याच दिसतात : एका सहकाऱ्याने दुसऱ्याला काही दिले. पण एकीत देणारा स्वतः उतरला आणि दुसरीत त्याला उतरवले गेले. हा फरक ज्या इतिहासात नोंदवला जात नाही, तो इतिहास नसून हिशेबवही आहे.

आणि हिशेबवहीतली सर्वांत मोठी वगळ अजून सांगायची आहे. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीत हॉकनहाइम येथे दुय्यम दर्जाच्या एका शर्यतीत क्लार्कची गाडी झाडांवर आदळली. तो बत्तीस वर्षांचा होता. ७२ शर्यती, २५ विजय. १९७० चा विश्वविजेता योखेन रिंट हंगाम संपण्यापूर्वीच मरण पावला होता. विजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. जॅकी स्टुअर्ट १९६६ साली बेल्जियममध्ये पेट्रोलने भिजलेल्या गाडीत अडकून पडला, आणि त्यानंतर त्याने सुरक्षेसाठी आयुष्यभराची मोहीम उभारली. कित्येकांनी तेव्हा त्याला भित्रा ठरवले. तो तीनदा विश्वविजेता झाला. १९७३ मध्ये सहकारी फ्रांस्वा सेव्हेरच्या मृत्यूनंतर आपली शंभरावी शर्यत न खेळताच निवृत्त झाला. १९९४ मध्ये इमोला येथे रोलंड रात्सेनबर्गर आणि सेन्ना लागोपाठच्या दोन दिवशी गेले, तेव्हा नियम आणखी कठोर झाले. २०२० मध्ये बहारीनला रोमँ ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसून दुभंगली, पेटली, आणि तरी तो स्वतःच्या पायांनी ज्वाळांतून बाहेर आला.

हॅमिल्टनची शंभराहून अधिक विजयांची कारकीर्द ही त्याच्या प्रतिभेची साक्ष आहेच. पण दीर्घ कारकीर्द शक्य असणे ही मात्र त्याची एकट्याची कमाई नाही. ती स्टुअर्टच्या हट्टाची आणि जे परतले नाहीत त्यांच्या मरणाची मिळकत आहे. क्लार्कचे २५ आणि हॅमिल्टनचे शंभरावर विजय हे आकडे शेजारी मांडणे म्हणजे, ज्याने पाया खणताना प्राण दिला त्याच्या उंचीची तुलना माडीवर उभ्या असलेल्या माणसाशी करणे होय.

तर मग तुलना करूच नये काय? माझ्या मते करावी. पण प्रश्न बदलून. 'कोण मोठा?' असे न विचारता 'त्या काळाने त्या माणसाकडे काय मागितले, त्या यंत्राने त्याला काय दिले, आणि यंत्राने दिलेल्यावर त्याने स्वतःचे काय चढवले?' असे विचारावे. मग फँजिओची न्युर्बुर्गरिंगवरील शर्यत, क्लार्कचा अदृश्य हात आणि व्हर्स्टापनचे एकोणीस विजय यांची क्रमवारी लागत नाही, पण प्रत्येकाचे मोल अधिक स्पष्ट दिसते. वर्गातल्या त्या प्रश्नालाही याच वाटेने उत्तर देता येईल, असे वाटते.

जुलै १९५८ मध्ये फ्रान्समधील रँस येथे फँजिओ आपली शेवटची शर्यत धावत होता. गाडी बरी नव्हती. आघाडीवरचा हॉथॉर्न त्याला एक पूर्ण फेरी मागे टाकण्याच्या बेतात होता. सांगतात, की अंतिम रेषा जवळ आली तेव्हा हॉथॉर्नने वेग कमी केला आणि फँजिओला मागे टाकले नाही. निकालपत्रकात फँजिओ चौथा आहे. हॉथॉर्नने काय केले, यासाठी त्या पत्रकात रकाना नाही.