वस्तुसंग्रहालयातील करिअर आणि लिंक्डइन : बीडच्या तरुणांसाठी माहिती

बीड जिल्ह्यात पदवी झालेले बहुतेक बौद्ध तरुण स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती किंवा पुण्यातली कंपनी या वाटांनी जातात. इतिहास, समाजशास्त्र किंवा पाली शिकलेल्यांनाही वस्तुसंग्रहालय हे नोकरीचे क्षेत्र आहे, असे सहसा कुणी सांगत नाही. तरुणांसोबत काम करताना आम्हाला हे वारंवार जाणवते. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

प्रश्न फक्त नोकरीचा नाही

काचेच्या कपाटात कोणती वस्तू जाणार आणि तिच्याखालच्या पाटीवर काय लिहिले जाणार, हे संग्रहालयात काम करणारी माणसे ठरवतात. बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात आणि नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात जपल्या आहेत. पण धम्मदीक्षेच्या काळातले फोटो, नामांतर लढ्याची पत्रके, भीमगीतांच्या वह्या असा कितीतरी ठेवा आजही घरोघरीच्या पेट्यांत ओल आणि वाळवी खात पडून आहे. तो जपण्याचे शास्त्र आपल्या मुलामुलींना यायला हवे.

लिंक्डइन कुठे उपयोगी, कुठे नाही

राज्याची शासकीय संग्रहालये पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत. तिथली अभिरक्षक, सहायक अभिरक्षक ही पदे जाहिरात, परीक्षा आणि आरक्षणाच्या नियमाने भरली जातात. त्यासाठी लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. लिंक्डइनचा तिथे उपयोग नाही.

खासगी न्यासांच्या संग्रहालयांत मात्र आरक्षण नाही. इंटर्नशिप, प्रकल्प सहायक अशी कामे अनेकदा ओळखीतून मिळतात. ज्याच्या नात्यागोत्यात या क्षेत्रातले कुणीच नाही, त्याला काम निघाल्याचेही कळत नाही. ही ओळख घरबसल्या उभी करण्याचे साधन म्हणून लिंक्डइनकडे पाहावे.

शिक्षण आणि शिष्यवृत्ती

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या विषयाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालवते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वशास्त्र शिकता येते. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जाती व नवबौद्धांकरिता राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा व इतिहास हे विषय वगळण्यात आले. म्हणून अर्जापूर्वी चालू वर्षाचे नियम वाचावेत.

आधी काम, मग प्रोफाइल

रिकाम्या प्रोफाइलला कुणी उत्तर देत नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरला रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालय आहे, तर पैठणला बाळासाहेब पाटील शासकीय संग्रहालय. दोन्हींचा पाया एकेका स्थानिक माणसाने जमवलेल्या वस्तूंनी घातला. तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेषही सापडले आहेत. ही दोन्ही संग्रहालये पाहून एखाद्या वस्तूवर टिपण लिहा.

मग आपल्या गावातल्या वीस जुन्या वस्तूंची नोंद करा : वस्तू काय, कुणाकडे आहे, अंदाजे कधीची, कशाची, आज स्थिती कशी, घरचे तिच्याबद्दल काय सांगतात. मालकाच्या संमतीशिवाय फोटो टाकू नका आणि वस्तू घरातून हलवू नका. अशी नोंदणी हेच संग्रहालयातले पायाभूत काम आहे.

प्रोफाइल आणि पहिला संदेश

नावाखालच्या ओळीत ‘नोकरीच्या शोधात’ असे लिहू नका. ‘मराठवाड्यातील आंबेडकरी वारशाच्या नोंदणीचे काम’ असे नेमके लिहा. प्रोफाइल सोप्या इंग्रजीत ठेवा. मराठी, पाली, मोडी लिपी, गावात मुलाखती घेण्याचा अनुभव हे सगळे कौशल्यांत मांडा.

संग्रहालयाच्या पानावर तिथे काम करणारी माणसे दिसतात. थेट संचालकांपेक्षा दोन-चार वर्षांपूर्वी या क्षेत्रात आलेल्यांना आधी लिहा. संदेश असा असू शकतो : ‘नमस्कार. मी बीड जिल्ह्यातला समाजशास्त्राचा विद्यार्थी. गावातल्या वीस वस्तूंची नोंद केली आहे. तुमच्याकडे नोंदणी कशी होते, हे समजून घ्यायचे आहे. पंधरा मिनिटे बोलता येईल का?’ पहिल्याच संदेशात नोकरी मागू नका. उत्तर आले नाही, तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा आणि पुढच्या माणसाकडे वळा.

दोन सावधगिरी

नोकरीसाठी नोंदणी शुल्क मागणाऱ्याला पैसे देऊ नका. मुंबई-पुण्याची बिनपगारी इंटर्नशिप ऊसतोड कामगाराच्या घरातल्या मुलाला परवडत नाही. मानधन आणि राहण्याची सोय किती, हे आधी विचारण्यात कमीपणा नाही.

चळवळीतले काम प्रोफाइलवर दाखवावे का, असे अनेक जण विचारतात. जात कळली की उत्तर येणार नाही, ही भीती निराधार नाही. तरीही आमचे मत आहे की दाखवावे. ते लपवले, तर आपल्याकडे असलेले आणि इतरांकडे नसलेले ज्ञानही लपते. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या व्याख्येत समावेशकता आणि समुदायांचा सहभाग हे शब्द आहेत. त्या शब्दांवर बोट ठेवून आपले काम पुढे करता येते.

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. येत्या १८ मेपर्यंत वीस वस्तूंची नोंद, एक टिपण आणि या क्षेत्रातल्या दहा ओळखी एवढे तरी प्रत्येकाने करावे. जय भीम!