जेनेटिक काउन्सेलर व्हायचंय? सिकलसेलच्या कामातून सुरुवात करा

घरात सिकलसेलचा रुग्ण असला की एखादा भाऊ किंवा बहीण बीएस्सीनंतर म्हणते, "मला जेनेटिक काउन्सेलिंग शिकायचंय." मणिपालला यात एमएससी करता येते. अमेरिका-कॅनडातील अभ्यासक्रम तर प्रवेश देताना स्वयंसेवी अनुभवाकडे आवर्जून पाहतात. गोंदिया जिल्ह्यातील मुलांना हा अनुभव घ्यायला लांब जावे लागत नाही.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत जुलै 2023 पासून 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, जो तालुका जवळ असेल तेथील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी विनंती करा. गावातल्या आशाताईंशी आधी बोललात तर काम सोपे होते.

शिबिरात नावे लिहिण्यापेक्षा पाठपुरावा जास्त मोलाचा. सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनंतरच कळते. या दोन चाचण्यांच्या मध्येच लोक सुटतात. रोवणीचे दिवस असतात, बसभाडे नसते, कधी भीती असते. अशा घरी जाऊन बसणे, ऐकणे, हाच खरा सराव.

आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि निरोगी असण्याची 25 टक्के. "एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली," हा समज तुम्हाला वारंवार ऐकू येईल. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो, हे घाई न करता समजवा. अशा जोडप्याला दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांकडे पाठवा. गर्भाची तपासणी साधारण दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून करता येते. पुढे काय करायचे, ते त्यांनी ठरवायचे.

आणि रिपोर्ट कुणालाही सांगू नका, स्वतःच्या आईलाही नाही. वाहक व्यक्ती आजारी नसते, तरी "तिला सिकलसेल आहे" एवढ्या कुजबुजीवर मुलीचे लग्न अडते. मग ते घरच काय, अख्खा टोला तपासणीला यायचा थांबतो.

वहीत तारीख, ठिकाण, काम आणि काय शिकलात ते लिहा. रुग्णांची नावे नकोत. शेवटी अधिकाऱ्यांकडून अनुभवपत्र घ्या.

तुम्ही स्वतः रुग्ण असाल तर उन्हात फिरू नका, पाण्याची बाटली सोबत ठेवा. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.