अपडेटच्या मागे कोण असतं? लिनक्समधली पॅकेजेस अशी सांभाळली जातात

मोबाइलवर रात्री बारा ॲप्सचे अपडेट्स येतात, आपण 'अपडेट ऑल' दाबतो आणि झोपतो. ते अपडेट कोणी तयार केलं, कोणी तपासलं, हा प्रश्न सहसा पडत नाही. मलाही पडायचा नाही. नंतर मी डेबियन या लिनक्स डिस्ट्रिब्युशनमधलं एक छोटं पॅकेज सांभाळायला घेतलं आणि माझ्याच अपडेटने औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात घोळ घातला. तो घोळ पुढे सांगतो. आधी हे काम नेमकं काय असतं ते बघू.

पॅकेज म्हणजे काय?

प्रोग्रॅम लिहिणारा वेगळा आणि तो तुमच्या कॉम्प्युटरवर नीट बसेल अशा रूपात आणणारा वेगळा. लिहिणाऱ्या मूळ प्रकल्पाला 'अपस्ट्रीम' म्हणतात. तिथून सोर्स कोड घेऊन, बिल्ड करून, कोणती फाइल कुठे जाईल, सोबत आणखी कोणतं सॉफ्टवेअर लागेल, हे सगळं लिहून जो गठ्ठा तयार होतो, ते पॅकेज. तो गठ्ठा तयार करून वर्षानुवर्षं सांभाळणारा माणूस म्हणजे मेंटेनर.

डेबियनची सुरुवात इयन मरडॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये केली. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ मध्ये जवळपास ७० हजार पॅकेजेस आहेत. ही बहुतेक स्वयंसेवक सांभाळतात, म्हणजे नोकरी, कॉलेज, घर सांभाळून. उबंटूसारखी डिस्ट्रिब्युशन्स डेबियनवरच उभी आहेत, त्यामुळे इथली चूकही पुढे वाहत जाते आणि दुरुस्तीही.

पॅकेजच्या आत काय असतं?

मूळ कोडच्या शेजारी मेंटेनर स्वतःचं एक फोल्डर ठेवतो. त्यात महत्त्वाच्या फाइल्स अशा:

• कंट्रोल: पॅकेजचं नाव, वर्णन, मेंटेनर कोण आणि कोणत्या पॅकेजेसवर हे अवलंबून आहे.
• रूल्स: बिल्ड कसं करायचं याच्या सूचना.
• चेंजलॉग: प्रत्येक वेळी काय बदललं आणि कोणता बग बंद झाला.
• कॉपीराइट: कोणत्या फाइलवर कोणाचा हक्क, कोणता परवाना. नवं पॅकेज आत घेताना हे फार काटेकोरपणे बघतात.
• वॉच: अपस्ट्रीमने नवी आवृत्ती काढली का, हे तपासायला कुठे बघायचं.
• पॅचेस: मूळ कोडमध्ये डेबियनने केलेले बदल, प्रत्येक बदल वेगळ्या फाइलमध्ये आणि का केला त्या कारणासकट.

आवृत्तीचा आकडा कसा वाचायचा?

समजा आकडा २.३.१-२ असा आहे. डॅशच्या डावीकडचा भाग अपस्ट्रीमचा. उजवीकडचा २ मेंटेनरचा, म्हणजे कोड तोच पण पॅकेजिंग दुसऱ्यांदा बदललं. कधीकधी शेवटी '+डेब१३यू१' अशी शेपटी दिसते. तिचा अर्थ, डेबियन १३ साठी जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती घातली आहे.

इथे नवखे गोंधळतात. 'आवृत्ती जुनी दिसतेय, म्हणजे असुरक्षित' असं त्यांना वाटतं. पण स्टेबल डेबियनमध्ये सहसा नवी आवृत्ती आणत नाहीत. नव्या कोडमधली फक्त सुरक्षेची दुरुस्ती काढून जुन्या कोडमध्ये बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. तुमच्या फोनमध्येही असंच असतं: अँड्रॉइडची आवृत्ती तीच राहते, पण 'सिक्युरिटी पॅच'ची तारीख पुढे सरकते. फोन जुना आहे का हे बघताना ती तारीखही बघा.

अपडेटचा प्रवास

मेंटेनरने पाठवलेलं पॅकेज थेट सगळ्यांकडे जात नाही. त्याचे तीन टप्पे आहेत.

१. अनस्टेबल: पहिला मुक्काम. वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी इथे बिल्ड होतं.
२. टेस्टिंग: काही दिवस, सहसा दोन ते दहा, मोठा बग आला नाही आणि आपोआप चालणाऱ्या चाचण्या पास झाल्या, तर पॅकेज इथे सरकतं.
३. स्टेबल: साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवतात, उरलेले गंभीर बग काढतात आणि नवी स्टेबल आवृत्ती जाहीर होते.

नवशिक्याला थेट अपलोड करायचा अधिकार नसतो. अधिकार असलेला डेव्हलपर त्याचं काम तपासतो आणि स्वतःच्या सहीने पाठवतो. त्याला स्पॉन्सर म्हणतात. माझीही सुरुवात अशीच झाली. पहिल्या पॅकेजला स्पॉन्सरने अकरा चुका काढून परत पाठवलं होतं, त्यातल्या चार नुसत्या कॉपीराइट फाइलमध्ये होत्या.

माझा घोळ: दऱ्या की दर्या?

आता ते दुकान. माझ्या मित्राच्या वडिलांचं औरंगपुऱ्यात डीटीपीचं काम आहे: शाळांचे पेपर, क्लासची पत्रकं, लग्नपत्रिका. पंधरा-वीस वर्षांच्या फाइल्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. त्या युनिकोडमध्ये बदलणारं एक छोटं टूल आहे, त्याचा डेबियनमधला मेंटेनर मी. काकांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स मीच टाकलं होतं आणि नवं सॉफ्टवेअर लवकर मिळावं म्हणून 'टेस्टिंग' ठेवलं होतं. ही माझी पहिली चूक. रोजीरोटीच्या मशीनवर स्टेबलच असावं.

टूलची नवी आवृत्ती आली. बदलांच्या यादीत एक ओळ होती: अनावश्यक अदृश्य अक्षरं आता आपोआप काढली जातील. मला वाटलं, छान, साफसफाई झाली. बिल्ड झालं, तपासणीत एकही चूक नाही, स्पॉन्सरने पाठवलं, काही दिवसांत टेस्टिंगमध्ये गेलं.

पुढच्या आठवड्यात काकांचा फोन. "अरे, हे काय करून ठेवलंस? भूगोलाच्या पेपरात सह्याद्रीतल्या दऱ्यांचा समुद्र झालाय!"

पेपरात 'दऱ्या'च्या जागी 'दर्या' छापलं होतं. तीनशे प्रती झाल्यावर शाळेच्या बाईंच्या लक्षात आलं. बेगमपुऱ्यातल्या एका क्लासच्या पत्रकावरही 'बेगमपुर्यात'. आपल्या गावाला बावन्न पुऱ्यांचं गाव म्हणतात. इथे निम्मे पत्ते या एका अक्षरावर चालतात.

कारण असं. 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं. एक, खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन त्याला हलन्त आणि पुढे 'य'. दुसरा, साधा 'र', हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य अक्षर आणि पुढे 'य'. आमचं टूल दुसरी पद्धत वापरायचं. नव्या आवृत्तीने ते जॉइनर कचरा समजून काढून टाकलं. जॉइनर गेलं की 'र'चा रफार होतो आणि दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्याचा आचार्य होतो. अपस्ट्रीमच्या डेव्हलपरला मराठी येत नाही, त्याला हे कळणं कठीणच होतं. मला येतं. ती ओळ मी वाचली होती आणि पुढे गेलो होतो.

मग जे केलं ते कोणत्याही मेंटेनरला करावं लागतं त्याच क्रमाने केलं:

• माझ्याच पॅकेजवर मीच गंभीर दर्जाचा बग नोंदवला, म्हणजे इतरांना कळेल.
• जॉइनर न काढणारा छोटा पॅच घालून नवं पॅकेज पाठवलं.
• तोच पॅच कारणासकट आणि उदाहरणांसकट अपस्ट्रीमला पाठवला. त्याने पुढच्या आवृत्तीत घेतला, मग आमचा पॅच काढून टाकला. पॅच कायम स्वतःकडे ठेवला तर प्रत्येक नव्या आवृत्तीत तो पुन्हा बसवत बसावं लागतं.
• पॅकेजमध्ये एक चाचणी घातली. तिच्यात चारच शब्द आहेत: दऱ्या, दर्या, आचाऱ्यास, आचार्यास. चारही जसेच्या तसे बाहेर आले नाहीत तर चाचणी नापास.

स्टेबलमध्ये जुनीच आवृत्ती होती, त्यामुळे बाकी लोक वाचले. वाया गेलेल्या कागदाचे पैसे मी देऊ केले, काकांनी घेतले नाहीत. त्यांनी मला रविवारी दुकानात बसवून सगळ्या बदललेल्या फाइल्स तपासायला लावल्या. ते जास्त लागलं.

'कचरा' समजून काढलेली ओळ

माझी चूक लहान होती. अशीच एक फार मोठी चूक डेबियनच्या इतिहासात आहे. २००६ मध्ये ओपन-एसएसएल या पॅकेजमध्ये, तपासणीचं एक टूल तक्रार करतंय म्हणून कोडचा एक भाग काढला गेला. त्याच भागातून गुप्त किल्ल्या बनवायला लागणारी अनिश्चितता मिळत होती. तो गेल्यावर, किल्ली ठरवायला जवळपास प्रोसेसचा क्रमांकच उरला, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या किल्लीसाठी फक्त सुमारे ३२ हजार शक्यता. कोणीही त्या सगळ्या आधीच बनवून ठेवू शकतं. हे मे २००८ मध्ये उघड झालं आणि जगभरातल्या डेबियन, उबंटूच्या सर्व्हरवरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. तेव्हापासून एक धडा सगळ्यांना शिकवतात: जे का आहे ते कळत नाही, ते काढू नका, आधी विचारा.

बेवारस पॅकेज आणि थकलेला माणूस

मेंटेनरला वेळ मिळेनासा झाला तर? डेबियनमध्ये तसं जाहीर करायची सोय आहे. 'मदत हवी', 'कोणी दत्तक घ्या' आणि 'सोडून दिलं' अशा तीन पायऱ्या आहेत. सोडून दिलेल्या पॅकेजला अनाथ म्हणतात. ते लगेच काढत नाहीत, पण गंभीर बग तसेच राहिले तर पुढच्या स्टेबलमधून बाहेर पडतं.

हे गप्प बसून सहन केलं तर काय होतं, ते २०२४ मध्ये दिसलं. 'एक्सझेड' हे फाइल्स दाबून लहान करणारं साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता आणि थकला होता. जिया टॅन या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं चांगली मदत करून विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा घातला. डेबियन अनस्टेबल वापरणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दूरच्या मशीनवर लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्याने खोदून काढलं आणि २९ मार्च २०२४ ला जाहीर केलं. तोवर ते कोड डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत पोचलं होतं, स्टेबलमध्ये नव्हतं. टप्पे कशासाठी असतात, याचं यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

मराठीचं इथे काय काम?

लिनक्सवर मराठी नीट दिसते, त्यातही असंच पॅकेज आहे. लोहित हे फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवलेले, रेड हॅटने खुले केले आणि २०११ मध्ये त्यांना ओपन फॉन्ट लायसन्स दिलं. डेबियनमध्ये देवनागरीसाठी एक लोहित आहे आणि मराठीसाठी वेगळं, कारण आपला 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. हा फरक कोणीतरी सांगितला, फाइलमध्ये उतरवला आणि सांभाळला, म्हणून तो आहे. मशीनला दर्या आणि दऱ्या दोन्ही बरोबरच वाटतात.

फोनवरून सुरुवात कशी करायची?

• एफ-ड्रॉइडवरून टर्मक्स टाका. अँड्रॉइडमध्येच लिनक्सचं टर्मिनल मिळतं, रूट लागत नाही.
• त्यात एपीटी चालतं. 'अपडेट' म्हणजे यादी ताजी करणं आणि 'अपग्रेड' म्हणजे खरोखर नवी पॅकेजेस टाकणं, हा फरक स्वतः करून बघा.
• अपग्रेडआधी बदलांची यादी वाचायची सवय लावा. दोन मिनिटं लागतात.
• जुना लॅपटॉप असेल तर डेबियन टाका आणि वापरता त्या एका पॅकेजचे बग वाचा. 'माझ्याकडेही होतंय, असं केल्यावर होतं' एवढं नीट लिहिलं तरी मेंटेनरचे तास वाचतात.
• मराठीत काही बिघडलं तर नक्की नोंदवा. शब्द, अपेक्षित रूप, दिसलेलं रूप आणि शक्य असेल तर स्क्रीनशॉट.

सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद, डेबकॉन्फ, पहिल्यांदा भारतात झाली, कोचीला. म्हणजे हे काम दूरच्या कोणा लोकांचं राहिलेलं नाही. माझं पॅकेज मी आणखी काही वर्षं सांभाळेन, पण सोबत दुसरा माणूस असावा म्हणून 'मदत हवी'ची नोंद केली आहे. काकांच्या दुकानात आता स्टेबल आहे. तरीही अपग्रेड केल्यावर ते आधी 'औरंगपुऱ्यात' टाइप करून बघतात आणि मगच कामाला लागतात.